खंडेनवमीची बॅटरी

एकतीस वर्षं तंत्रनिकेतनात वीजशास्त्र शिकवलेल्या माणसाला बॅटरीच्या दोन वायरी कुठं लावायच्या हे विचारणं म्हणजे आचाऱ्याला मीठ कुठल्या डब्यात असतं ते विचारणं. निदान व्यासराज सरांना तरी तसंच वाटे. गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडो, कुणाचा गीझर झटका देवो, पहिली हाक सरांना. सर पाना-पकड घेऊन जात, काम करत आणि काम करता करता छोटंसं व्याख्यान देत. व्याख्यान ऐकून घेतलं की काम फुकटात, हा सौदा सगळ्यांनी हसत मान्य केला होता. ‘आधी मीटर, मग हात,’ हे वाक्य त्या व्याख्यानात हटकून येई. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सरांचा आवाज वर्गातलाच राहिला होता, आणि खरं सांगायचं तर तोराही.

समोरच्या घरात नमिता राही. तिचे वडील सरांचे सहकारी होते. ते गेले तेव्हा नमिता कॉलेजात होती, आणि तेव्हापासून तिच्यावर आणि तिची आई भागीरथीबाई यांच्यावर आपलं लक्ष असतं असं सर चारचौघांत सांगत. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे नमिताच्या दोन्ही पायांना कॅलिपर होते आणि काखेत कुबड्या. हुणसूर रोडकडच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हातानं चालवता येतील अशी गाडी तिनं तीन वर्षांपूर्वी बनवून घेतली होती. ‘गाडी म्हणजे नमिताचे पायच,’ असं लोक म्हणत, आणि ते वाक्य तिला मुळीच आवडत नसे. “गाडी गाडीच आहे, काका,” ती म्हणे. “फक्त ती माझ्या वेळेला निघते. रिक्षा रिक्षावाल्याच्या वेळेला निघते.”

हाताचे ते दांडे बसवले होते नागोजीरावांनी. देवराज मोहल्ल्याच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान. स्कूटरला बाजूची चाकं लावणं, गाडीचे पेडल हाताशी आणणं, असलं काम मैसूरमध्ये त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. पिरियापट्टणापासून लोक त्यांच्याकडे येत. तरुणपणी त्यांनी सरांच्याच हाताखाली वायरमनचा कोर्स केला होता. आता पन्नाशी उलटली तरी सर दिसले की ते स्टुलावरून उठून उभे राहत, आणि सरही त्यांना बसा म्हणायला जरा वेळ लावत.

खंडेनवमीला मैसूरमध्ये गाडी न धुतलेला माणूस शोधून सापडायचा नाही. बसला केळीचे खुंट, रिक्षाला झेंडूची माळ, सायकलीलासुद्धा गंधाचा टिळा. सरांच्या घरी देवीपुढं पाटावर त्यांची हत्यारं मांडलेली असत: पकड, टेस्टर, सोल्डरिंग आयर्न आणि मधोमध त्यांचा लाडका मल्टिमीटर. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांतल्या कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. सरांनी तो कधी मोडला नव्हता.

त्या वर्षी नमिताच्या गाडीची बॅटरी जरा अशक्त झाली होती. नागोजीरावांनी ती आदल्या दिवशी काढून नेली, रात्रभर चार्ज केली आणि नवमीला सकाळी परत आणून ओसरीवर ठेवली. त्यांच्या दुकानात पूजा होती, कामगार खोळंबले होते. “बाराला येतो मॅडम, तोपर्यंत राहू दे तशीच,” असं सांगून ते गेले.

भागीरथीबाईंच्या नजरेत ती बॅटरी आली. गाडीची पूजा करायची आणि गाडीतलाच एवढा मोठा जिन्नस बाहेर बसवून ठेवायचा, हे त्यांना पटलं नाही. त्यांनी बॅटरीवर गंध शिंपडलं, हळद वाहिली, अक्षता टाकल्या आणि अलीकडच्या टर्मिनलवर कुंकवाचा चांगला चिमूटभर ढीग ठेवला. पलीकडच्या टर्मिनलवर झेंडूचं फूल बसवलं. चार्जिंगसाठी काढलेलं अधिकच्या टर्मिनलचं लाल टोपण नागोजीरावांच्या पिशवीतच राहिलं होतं. अधिक-उणेच्या खुणा हळदीकुंकवाखाली गेल्या.

साडेदहाला राहुकाळ लागत होता. त्याआधी गाडी चालू करून चाकाखाली लिंबं चिरडली पाहिजेत, कोहळा फोडला पाहिजे, असं भागीरथीबाईंचं म्हणणं. दहा वाजता सर पंचा आणि उपरणं अशा पूजेच्या वेशात फाटकात आले, तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या.

“नागोजी बाराला येतो म्हणतोय. राहुकाळ कुणासाठी थांबतो होय? काय करू सांगा की,” त्या म्हणाल्या.

“नागोजी कशाला पाहिजे?” सर म्हणाले. “दोन वायरी तर लावायच्या. स्वल्प थांबा, पाच मिनिटांचं काम.”

सरांची बायको वेदवती मागोमाग आरतीचं ताट घेऊन आली होती. ती म्हणाली, “तुमचं मीटर देवीपुढं आहे. आज हात लावायचा नाही.”

“मीटर कशाला? डोळे आहेत की.”

नमिता हसली. “काका, आधी मीटर, मग हात.”

“ते विद्यार्थ्यांना,” सर म्हणाले, आणि सगळे हसले. नमिता आईबरोबर कोहळा आणि लिंबं आणायला आत गेली, वेदवती त्यांच्या मदतीला. सर गाडीपाशी एकटेच राहिले.

त्यांनी झेंडूचं फूल काढून बाजूला ठेवलं. एका टर्मिनलवर लाल दिसत होतं. लाल म्हणजे अधिक. इतकी वर्षं लाल म्हणजे अधिकच होतं, त्या हातांना विचार करायची सवयच राहिली नव्हती. बॅटरी उचलून त्यांनी त्या हिशेबानं जागेवर बसवली. काळ्या वायरचा क्लॅम्प टर्मिनलवर बसेना. अधिकचं टर्मिनल जाडसर असतं आणि उण्याचं बारीक, ते अशासाठीच की चूक करणाऱ्याचा हात अडावा. सर हे दर वर्षी फळ्यावर काढून दाखवत. आज मात्र त्यांनी नागोजीच्या नावानं पुटपुटत तो क्लॅम्प गाडीतल्याच स्क्रूड्रायव्हरनं फाकवला आणि पान्याच्या मुठीनं ठोकून बसवला. मग लाल वायरचा क्लॅम्प दुसरीकडे टेकवला.

फट् असा आवाज झाला. निळी ठिणगी उडाली आणि बॉनेटखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला.

सरांनी दचकून क्लॅम्प सोडला. मग त्यांनी उपरण्याच्या टोकानं कुंकू पुसलं. खाली उण्याची आडवी रेघ होती, स्पष्ट, बोटाच्या पेराएवढी. काय झालं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. मुख्य फ्यूज गेला, अल्टरनेटरचे डायोड गेले, आणि नशीब वाईट असेल तर गाडीचा कारभार बघणारी ती महागडी डबीही गेली.

घरातून बांगड्यांचा आवाज येत होता. सरांचे हात त्यांना न विचारता कामाला लागले. दोन्ही क्लॅम्प काढले, बॅटरी फिरवली, लाल वायर अधिकला आणि काळी उण्याला लावली, फाकलेला क्लॅम्प आवळला. बायका बाहेर आल्या तेव्हा सर उपरण्यानं कपाळ पुसत होते.

नमितानं सीटवर बसून किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. दिवासुद्धा लागला नाही.

“काका, बरोबर लावलीत ना?”

“बघ की. लाल वायर अधिकला.”

“मग?”

याच वेळी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण समोर भागीरथीबाई होत्या, बायको होती, शेजारचे कृष्णमूर्ती स्कूटरला हार घालता घालता कान देऊन उभे होते. सरांनी घसा साफ केला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, “चार्जिंगमध्ये गडबड झाली असणार. चार्जरला उलटी लावली की कधीकधी बॅटरीच आतून उलटते. वरून अधिक दिसतं, आत उणे असतं. नागोजीला घाई असेल.”

असं घडण्यासाठी बॅटरी आधी पार मेलेली असावी लागते, आणि ही तर कालपर्यंत गाडी चालवत होती. पहिल्या वर्षाच्या पोरानंही हे सांगितलं असतं. पण तिथं पहिल्या वर्षाचं कुणी नव्हतं. भागीरथीबाईंनी मान डोलावली. कृष्णमूर्ती म्हणाले, “हौदा? खरंच? हे आम्हांला माहीतच नव्हतं.” राहुकाळ लागायच्या आत कोहळा तेवढा फुटला.

त्या दिवशी सरांना पुरणपोळी गोड लागली नाही. आपण खोटं बोललो यापेक्षा ते किती सफाईनं बोललो याची त्यांना लाज वाटत होती. एवढ्या वर्षांची विद्या पणाला लावून त्यांनी काय केलं, तर एका गरीब माणसाच्या गळ्यात आपली चूक बांधली. वेदवतीनं उपरण्यावरचे लाल डाग धुताना विचारलं, “कुंकू सांडलं का हो?” ते हो म्हणाले. जेवून उठल्यावर ते म्हणाले, उद्या सांगू. आणि दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटायला समोर गेले, आणि सोनं देऊन परत आले.

एकादशीला टेंपोनं ओढून गाडी नागोजीरावांच्या दुकानी नेली. नमिता रिक्षानं गेली आणि तिच्याबरोबर सर गेले, कारण भागीरथीबाईंनीच म्हटलं होतं, “तुम्ही असलात की तो काही थापा मारायचा नाही.”

नागोजीराव नेहमीप्रमाणे स्टुलावरून उठले. त्यांनी बॉनेट उघडलं, फ्यूज बघितला, अल्टरनेटरला मीटर लावलं. मग काळा क्लॅम्प सोडवून हातात घेतला आणि उजेडाला धरला. त्याच्या आतल्या बाजूला स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा होता आणि फटीत थोडं कुंकू होतं. ते त्यांनी नखानं उकरून बघितलं.

“उलटी लागली होती, मॅडम,” ते शेवटी म्हणाले.

“सरांनी तेच सांगितलं,” नमिता म्हणाली. “चार्जिंगला उलटी लावली की बॅटरी आतून उलटते म्हणे. तुमच्याकडून तसं झालं का?”

नागोजीरावांनी सरांकडे पाहिलं. मीटर त्यांच्या हातातच होतं. दोन टोकं बॅटरीला टेकवायची, काट्यानं लगेच खरं काय ते सांगितलं असतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघायला सुरुवात केली. देवीच्या चित्राखाली महिन्याचे आकडे होते, ते त्यांनी एकेक करून वाचले.

नागोजीरावांनी मीटर बाकावर ठेवलं.

“सर म्हणतात तर तसंच असेल,” ते म्हणाले. “माझ्याच हातून झालं असेल, मॅडम.”

मग ते थांबले. चांगले थांबले. बोळातून एक हातगाडी गेली, ती जाईपर्यंत थांबले. सरांची नजर कॅलेंडरावरच होती. नमितानं सुस्कारा सोडला आणि विचारलं, “किती दिवस?”

“डबी बेंगळूरूहून यायला पाहिजे. तीन आठवडे तरी. खर्च माझा.”

“खर्चाचं नाही हो,” नमिता म्हणाली. “सोमवारी शाळा उघडतेय माझी.”

सोमवारपासून सर तिला रिक्षानं शाळेत सोडू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. पावणेआठला ते फाटकाशी उभे राहत. आधी कुबड्या हातात घ्यायच्या, मग तिनं दांडा धरून स्वतःला वर ओढायचं, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा, मग कुबड्या आत द्यायच्या. याला दोन मिनिटं लागत आणि तेवढ्यात रिक्षावाला तीनदा मागं वळून बघे. संध्याकाळी पुन्हा तेच. सरांना वाटलं होतं, यानं जीव हलका होईल. झालं उलटंच. रोज भागीरथीबाई पितळी पेला-डबऱ्यात कॉफी घेऊन बाहेर येत आणि म्हणत, “सख्खा काकासुद्धा एवढं करणार नाही.” कॉफी गरम असे, सर ती घाईघाईनं पीत, जीभ भाजे, आणि ते भाजणं त्यांना बरं वाटे.

गुरुवारी ती पडली. शाळेच्या दाराशी रिक्षा थांबली होती, पण ब्रेक पुरता लागला नव्हता; तिनं पाय खाली टेकला आणि रिक्षा हातभर पुढं सरकली. सर कुबड्या धरून पलीकडच्या बाजूला उभे होते. ती कोपरांवर पडली. सातवी-आठवीच्या पोरी धावत आल्या, त्यांनी तिला उचललं, साडीची धूळ झटकली. एक पोरगी रडायलाच लागली.

“काही नाही ग, सुम्ने, उगाच रडू नको,” नमिता तिला म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. गेल्या तीन वर्षांत या पोरींनी बाईंना फक्त गाडीतून उतरताना बघितलं होतं.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. वेदवतीनं विचारलं तेव्हा पित्त झालंय म्हणाले. तिनं त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि ताक आणून ठेवलं.

शुक्रवारी परतताना रिक्षात नमिता फोनवर बोलत होती. हातानं गाडी चालवणाऱ्या लोकांचा तिचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, मैसूर, हुणसूर, पिरियापट्टणचे मिळून तीसेक जण. फोन ठेवून ती म्हणाली, “पिरियापट्टणचा रक्षित. तंबाखू सुकवायच्या बॅरन-भट्टीचा हिशेब बघतो, त्याला पुढच्या आठवड्यात नागोजींकडे गाडी द्यायची होती. रद्द केली. आणखी दोघांनीही.”

“का?” सरांनी विचारलं, आणि उत्तर त्यांना ठाऊक होतं.

“मीच लिहिलं ग्रुपवर, काय झालं ते. लिहिलंच पाहिजे ना काका? आमच्या गाड्या रस्त्यात बंद पडल्या तर आम्ही उतरून ढकलू शकत नाही. माणूस चांगला आहे, पण हात सैल झालाय त्यांचा. तुमचं नाव पण घातलं, की व्यासराज सरांनी स्वतः तपासून सांगितलं.”

सरांनी रिक्षा थांबवायला सांगितली. आपल्याला मार्केटात काम आहे, तू पुढं जा, गल्लीतलं कुणीतरी उतरवून घेईल, असं ते म्हणाले. उतरल्यावर लक्षात आलं की उतरवून घेणार कोण याचीही त्यांनी सोय केली नव्हती. त्यांनी वेदवतीला फोन करून फाटकाशी उभं राहायला सांगितलं आणि देवराज मोहल्ल्याच्या दिशेनं चालू लागले.

नागोजीराव दुकानात एकटेच होते. एरवी बोळात दोनतीन गाड्या उभ्या असत, आज नमिताचीच काय ती होती. सरांना बघून ते स्टुलावरून उठले नाहीत. सरांनी ते पाहिलं, आणि त्यांना बरंच वाटलं.

“नागोजी, ती बॅटरी मी लावली होती,” सर म्हणाले.

“माहीत आहे.”

“मी उलटी लावली. कुंकू बघून.”

“माहीत आहे, सर. क्लॅम्पमध्ये दिसलं की. ठोकून बसवलेला होता.”

सर उभेच होते. त्यांना बसा म्हणायला नागोजीरावांनी वेळ लावला, आणि शेवटी म्हटलंच नाही.

“मग तू बोलला का नाहीस त्या दिवशी?” सरांनी विचारलं. “मीटर हातात होतं तुझ्या. एका मिनिटात माझं पितळ उघडं पडलं असतं.”

“मला वाटलं तुम्ही बोलाल.” नागोजीराव हातातला पाना फडक्यानं पुसत होते. तो स्वच्छच होता. “मी म्हटलं, माझ्या हातून झालं असेल, ते कशासाठी म्हटलं? मला वाटलं, एवढं ऐकल्यावर सर तिथल्या तिथं म्हणतील, नाही रे नागोजी, तू नाहीस. तेवढ्यासाठी थांबलो होतो मी. तुम्ही कॅलेंडर बघत होता.”

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाठ केली.

“चुकीबद्दल माझं काही नाही, सर. बॅटरी माझ्याकडूनही उलटी लागलीय एकदा, शिकत होतो तेव्हा. तुमच्याच लॅबमध्ये. तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला उभं केलं होतं अर्धा तास. आठवत नसेल तुम्हांला. माझं चुकलं होतं, उभा राहिलो.” त्यांनी पाना खाली ठेवला. “बस, एवढंच.”

सरांना खरोखरच आठवत नव्हतं. असे किती जण त्यांनी उभे केले होते, कोण जाणे. ते बोळातून बाहेर आले. फुलवाल्यांच्या ओळीतून चालताना दोन माजी विद्यार्थ्यांनी नमस्कार केला, आणि प्रत्येक वेळी सरांनी मान खाली घातली.

ते घरी न जाता थेट समोर गेले. नमिता ओसरीवर खुर्चीत बसून वह्या तपासत होती, कोपराला पट्टी होती. भागीरथीबाई दसऱ्याच्या मांडणीतल्या बाहुल्या जुन्या सुती कापडांत गुंडाळून पेटीत ठेवत होत्या. राजा-राणीची लाकडी जोडी त्यांच्या मांडीवर होती.

“या या,” त्या म्हणाल्या. “कॉफी ठेवते.”

“नको,” सर म्हणाले. “बसा तुम्ही. दोघींनीही ऐका.”

त्यांनी उभ्यानंच सांगितलं. कुंकू, जाड टर्मिनल, ठिणगी, उपरणं. काही वगळलं नाही. चार्जिंगच्या गोष्टीपाशी आल्यावर त्यांना दोनदा सुरुवात करावी लागली. भागीरथीबाईंच्या हातातली राणी तशीच अर्धी गुंडाळलेली राहिली.

“कुंकू मी लावलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुमची काही चूक नाही. तुम्ही पूजा केलीत. बघायचं काम माझं होतं. डबीचा खर्चही माझाच.”

नमितानं लाल पेनाचं टोपण लावलं. “तुम्हांला कधी कळलं?”

“तेव्हाच.”

“म्हणजे रोज रिक्षात माझ्या शेजारी बसून…”

“होय.”

“मी पडले तेव्हाही.”

“होय.”

तिनं पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाली, “ती आतून उलटण्याची गोष्ट मी शाळेत सायन्सच्या बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, असं कसं होईल? मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, आमचे काका एकतीस वर्षं हेच शिकवत होते.”

सरांना वाटलं, तिनं ओरडावं. भागीरथीबाईंनी ये-जा बंद करावी, काहीही करावं. नमितानं फोन उचलला, ग्रुप उघडला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबून फोन त्यांच्यापुढं धरला.

“बोला. कन्नडात बोला, सगळ्यांना कळलं पाहिजे.”

सर बोलले. नमस्कार केला, नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि पुढं म्हणाले की बॅटरी उलटी जोडली गेल्यामुळे गाडीचं नुकसान झालं, त्यात नागोजीरावांचा दोष नाही.

नमितानं ते ऐकलं आणि पुसून टाकलं. “कुणी जोडली ते राहिलं, काका. हुद्दा नसला तरी चालेल.”

दुसऱ्या वेळी सर म्हणाले, “मी व्यासराज. नमिताच्या गाडीची बॅटरी मी उलटी लावली. मला ते लगेच कळलं. मी खोटं सांगून नागोजीरावांवर ढकललं. त्यांना सगळं माहीत होतं, तरी ते बोलले नाहीत. त्यांचा हात चांगला आहे. माझ्या सांगण्यावरून तुम्ही गाड्या काढून घेतल्यात, त्या परत द्या.” एवढं बोलून ते थांबले, आणि आणखी काही बोलायचं उरलं नाही असं पाहून नमितानं बोट उचललं. फोन तिनं वह्यांवर पालथा ठेवला. उत्तरं यायला लागली होती, फोन थरथरत होता, पण तिनं तो उलटून बघितला नाही.

“मी निघतो,” सर म्हणाले. या वेळी कुणी थांबा म्हटलं नाही.

वेदवतीला त्यांनी रात्री सांगितलं. ती म्हणाली, “उपरणं धुतानाच कळलं होतं. टोक काळं पडलं होतं, कुंकवानं काळं पडत नाही.” आणि कूस बदलून झोपली.

शनिवारी शाळा सकाळची असे. पावणेसातला सर फाटकाशी आले खरे, पण समोर जायचा धीर होईना. आपल्याला आता कुणी दारात उभं करणार नाही हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. कृष्णमूर्ती बाहेर झाडांना पाणी घालत होते. त्यांनी रोजच्यासारखी हाक मारली नाही, पाइप घेऊन दुसऱ्या कुंडीकडे वळले. म्हणजे बातमी पोचली होती.

रिक्षा आली. नमिता पायऱ्यांपाशी आली आणि थांबली. भागीरथीबाई मागं उभ्या होत्या, हातात कॉफी नव्हती. तिनं रस्त्यापलीकडे सरांकडे पाहिलं.

“काका, येताय ना?”

सर घाईनं रस्ता ओलांडून गेले. “मला वाटलं तू रागावली असशील.”

“रागावलेच आहे,” ती म्हणाली. “पण राग आला म्हणून मला रिक्षात एकटीला चढता येत नाही.”

आणि तिनं दोन्ही कुबड्या त्यांच्या हातात दिल्या. मग दांडा धरून तिनं स्वतःला वर ओढलं, एक पाय हातानं उचलून आत घेतला, मग दुसरा. सर कुबड्या छातीशी धरून उभे होते. तिनं हात पुढं केला तशा त्यांनी कुबड्या आत दिल्या आणि ते तिच्या शेजारी बसले. डबी यायला अजून दोन आठवडे होते.